पांदणीची स्प्लेंडर: घरच्या टिनाच्या शेडात गाडी चिखलासाठी कशी तयार करावी

आमच्या राळेगाव तालुक्यात पावसाळ्याचे चार महिने गाडी डांबरावर कमी अन् पांदणीत जास्त चालते. पांदण म्हणजे वावराकडं जाणारी कच्ची वाट, काळ्या मातीची. पाऊस पडला की ही माती फुगते, चिकटते, टायर आणि मडगार्डच्या मधात ठासून बसते आणि पुढचं चाक जाम करते. मग उतरा, तुराटीनं चिखल खरवडा, दहा पावलं जा, परत उतरा. मोबाईलवर पोरं जे कॅफे रेसर अन् बॉबर (कापून-छाटून सजवलेल्या गाड्या) पाहतात ते चांगलेच असतात, पण कोणाच्या तरी डांबरी रस्त्यासाठी असतात. इकडं गाडीत काय बदलायचं अन् काय नाही, हे माती ठरवते.

मी आयटीआय फिटर आहे, पण पोट शेतीवर. घरामागं टिनाचं शेड आहे. त्यात वखर, डवरे, ढेपेची पोती आणि एका कोपऱ्यात गाडी. पऱ्हाटी उपटून झाली की मिरगापर्यंत वावरात फार काम नसतं. गाडी उघडायची तर तेव्हाच. मिरग लागला की पेरणी, आणि पेरणीत दारात उघडी पडलेली गाडी म्हणजे घरात रोजची कटकट.

दोन नियम आधीच सांगतो. फ्रेम कापायची नाही, फ्रेमवर वेल्डिंगही करायचं नाही. आणि जे काही लावाल ते पान्यानं उघडून परत मूळ गाडी करता आली पाहिजे. बाकी सगळं या दोन नियमांच्या आत बसवायचं.

गाडी कोणती

जुनी स्प्लेंडर. १९९४ साली हीरो होंडानं ती आणली, आणि तिचं ९७.२ सीसीचं इंजिन वर्षानुवर्षं मुळात तेच राहिलं. त्यामुळं क्लच प्लेटपासून ब्रेक लायनरपर्यंत सगळं तालुक्याच्या दुकानात हाताशी असतं, आणि बाजाराच्या दिवशी मिळतंच मिळतं. सीडी १०० किंवा पॅशन मिळाली तरी चालेल, इंजिन त्याच घराण्यातलं. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, त्याबरोबर या गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आलं. शेडात काम करणाऱ्यानं त्याआधीची, कार्बोरेटरची गाडी पाहावी.

कोणी म्हणेल आरएक्स शंभर घ्या. यामाहाची ती गाडी १९८५ साली आली, १९९६ ला बंद झाली, आणि आता तिचा भाव ऐकला की बैलजोडीचा भाव आठवतो. शिवाय चिखलात टू-स्ट्रोकची ताकद वरच्या आरपीएमला मिळून उपयोग काय? आपल्याला हळू चालणारी, न थांबणारी गाडी पाहिजे.

घेताना सायलेन्सरच्या धुरापेक्षा जास्त वेळ दोन गोष्टींवर घालवा. एक, मागचं चाक धरून आडवं हलवा. खटखट लागली तर चिमट्याचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश गेले. बुश स्वस्त आहेत, पण वाकलेला चिमटा नाही. दोन, गाडी मेन स्टँडवर उभी करून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूच एका बाजूहून दुसरीकडं न्या. मधात कुठं अडकल्यासारखं झालं तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या मुळातल्या बेअरिंगा, गेला. मग पुढून उभं राहून दोन्ही फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) नळ्या एका रेषेत आहेत का पाहा. इंजिनमधलं काम कोणीही करून देतो. वाकलेली गाडी कोणी सरळ करून देत नाही, सरळ केली असं सांगतो फक्त.

कागद आधी, पाना नंतर

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. आरसीत जे लिहिलंय त्यात अन् गाडीत फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरोधात बदल चालणार नाही असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं: नियमाबाहेरच्या बदलाला प्रत्येक बदलामागं पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरला कलम १९० लागतं, तिथं दंड दहा हजारांपर्यंत जातो आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं.

म्हणून मी इंजिन, फ्रेम, सायलेन्सर, सीट आणि रंग या पाच गोष्टी बदलत नाही. आरशे दोन्ही. साडी गार्डही ठेवायचं. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला पाहिजे असं केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२३ व्या नियमात आहे. अन् ज्याच्या घरच्या बाया गाडीवर बसून वावरात जातात त्याला हा नियम वाचून दाखवायची गरज नाही.

माझा भाचा सुट्ट्यांमध्ये मदतीला येतो. त्याचा एकच धोशा, "मामा, मागची सीट कापून टाकू ना, काय दिसन गाडी!" मी म्हटलं, "अन् मंग तुही मामी कोठी बसन?" तेवढ्यावर तो विषय मिटला.

एक व्यवहाराची गोष्ट. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. तुमच्या गाडीला पंधरा वर्षं होत आली असतील तर आधी आरटीओत तपासणी करून नूतनीकरण उरकून घ्या आणि मगच शेडात आणा. आमची एमएच-२९, म्हणजे यवतमाळला खेप. सुटी गाडी घेऊन कोणी जात नाही. नवी सुरक्षा नंबर प्लेटही त्याच वेळी लावून घ्या, आणि पुढं काम करताना तिची कुलपं तोडू नका. मडगार्डसकट उतरवा, मडगार्डसकट चढवा.

गाडी खोलणं

८ पासून २४ पर्यंतचे रिंग पाने, टी-पाना १० अन् १२ चा, पक्कड, रबरी हातोडी, ठोक्याचा पेचकस. हा शेवटचा घ्याच. इंजिनच्या कव्हरवरचे चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. साध्या पेचकसानं त्यांची तोंडं गोल होतात आणि मग छिन्नी लावत बसावं लागतं. ठोक्याचा पेचकस लावून हातोडीचा एक ठोका दिला की स्क्रू सुटतो. गंजलेल्या नटावर रात्री डिझेल सोडून ठेवा.

क्रम असा: आधी साईड पॅनल, मग बॅटरी, सीट, मग पेट्रोल काढून टाकी, शेवटी चाकं. प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी मोबाईलनं फोटो. नटबोल्ट ठेवायला बियाण्याच्या रिकाम्या थैल्या उत्तम: जाड असतात, फाटत नाहीत, आणि एका थैलीत एकाच जागेचे बोल्ट ठेवून वर मार्करनं लिहिता येतं. थैल्या आधी धुवा, बियाण्याला औषध चोळलेलं असतं. वायरींना दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहा.

सजावटीच्या आधी कोन सेट, चिमट्याचे बुश, चाकांच्या बेअरिंगा आणि ब्रेक लायनर बदलून किंवा ग्रीस करून घ्या. पेट्रोलची नळी नवीन टाका. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुन्या रबराला ते मानवत नाही. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूनं काढून टाकत जा.

पुढचं मडगार्ड

सगळ्या कामाचा जीव इथं आहे, म्हणून सावकाश सांगतो.

स्प्लेंडरचं पुढचं मडगार्ड फोर्कच्या खालच्या नळ्यांना बोल्टांनी बसतं आणि चाकाबरोबर वर-खाली होतं. टायरपासून त्याचं अंतर कमी असतं. डांबरावर ते बरोबर आहे, काळ्या मातीत नाही. अंतर वाढवायचे दोन मार्ग.

पहिला: डर्ट बाईकसारखं उंच मडगार्ड हँडलच्या खालच्या टी-ला, म्हणजे दोन्ही फोर्क धरणाऱ्या जोडाला, लावायचं. दिसायला झकास. पण दोन भानगडी आहेत. मूळ मडगार्डच्या आत लोखंडी कमान असते, ती दोन्ही फोर्क एकमेकांना बांधून ठेवते. ती काढली की फोर्क किंचित पिळतात आणि गाडी चाकोरीत शिरली की हँडल ऐकत नाही. म्हणजे कमान वेगळी करून लावावी लागते. दुसरं, उंच मडगार्ड जागेवरच राहतं आणि चाक वर येतं. म्हणून मधली फट फोर्क दबतो त्याहून जास्त पाहिजे, नाहीतर खड्ड्यात टायर मडगार्डला भिडेल. पुढचं चाक असं अडकलं तर माणूस हँडलवरून समोर जातो.

दुसरा मार्ग मी वापरतो. मूळ मडगार्ड आणि त्याची कमान तशीच ठेवायची, फक्त बोल्टाच्या जागी एक इंच रुंद, ३ मिमी जाड लोखंडी पट्टीचे तुकडे लावून सगळं ३५ ते ४० मिमी वर उचलायचं. पट्टीला दोन भोकं: खालचं फोर्कच्या बोल्टाला, वरचं मडगार्डला. चारही तुकडे एकत्र शिकंज्यात धरून एकदमच भोकं पाडा, म्हणजे मडगार्ड तिरकं बसत नाही. बोल्टाला नायलॉनचा नट. साधा नट आमच्या रस्त्यावर आठवड्यात ढिला होतो.

आता तपासणी. उचललेलं मडगार्ड फोर्क पूर्ण दबल्यावर वर कशाला लागतं का? गाडी मेन स्टँडवर घ्या, फोर्कच्या वरच्या टोप्या उघडून आतल्या स्प्रिंगा काढा (टोपी शेवटच्या आट्यावर आली की हातानं दाबून धरा, स्प्रिंग उडते) आणि चाक हातानं वर उचला. मडगार्ड हॉर्नला, टी-ला किंवा वायरीच्या जुडग्याला लागत असेल तर तिथंच कळेल. हँडल पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं करूनही पाहा. बोटभर जागा राहिली तर ठीक, नाहीतर पट्टी कमी करा. फोर्क उघडलाच आहे तर त्यातलं तेलही बदला. जुनं तेल बहुतेक वेळा चहाच्या रंगाचं निघतं.

मडगार्ड वर गेलं की चिखल आता सायलेन्सरच्या बेंडवर अन् इंजिनच्या पंखांवर उडणार. पंख चिखलानं भरले की हवा लागत नाही, इंजिन तापतं. म्हणून मडगार्डच्या खालच्या टोकाला ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा फ्लॅप म्हणून लावा, जमिनीपासून वीतभर वर राहील असा.

टायर अन् चेन

रुंद टायर म्हणजे जास्त पकड, असं पोरांना वाटतं. काळ्या मातीत उलटं आहे. अरुंद टायर वरचा गिलावा कापून खालच्या घट्ट थराला लागतो, रुंद टायर वरच तरंगतो आणि चिमट्यात जागाही खातो. पुढं मूळ २.७५-१८ ठेवा. मागं ३.००-१८ चा बटण टायर, म्हणजे ठोकळे-ठोकळे असलेला, घ्या. नंतरच्या स्प्लेंडरला कंपनीच ८०/१००-१८ देते, म्हणजे फरक नावालाच. बसवल्यावर चिमट्याच्या दोन्ही बाजूंना बोट सहज गेलं पाहिजे. डांबरावर बटण टायर गुणगुणतो आणि ओल्या रस्त्यावर वळणात जरा सरकतो, तिथं वेग कमी ठेवा.

हवा पुढं २५, मागं एकटा असाल तर २८, डबलसीट किंवा ओझं असेल तर ४० पीएसआय. चिखलात हवा कमी करून पकड वाढते हे खरं, पण ट्यूबच्या टायरात फार कमी केली तर टायर रीमवर फिरतो आणि व्हॉल्वच्या मुळाशी ट्यूब फाटते. आपल्याकडं पंक्चरची कारणं दोनच, बाभळीचा काटा आणि कापलेल्या तुरीचं धसकट. धसकट काट्यापेक्षा वाईट, तिरकं कापलेलं असतं अन् वाळून खिळ्यासारखं होतं. त्याला जाड ट्यूब हाच उपाय.

इंजिनची ताकद वाढवायचा विचारही करू नका. सात-आठ हॉर्सपॉवरच्या गाडीत अजून एखादा घुसवायला बोअर करण्यापेक्षा गिअरिंग बदला. समजा चेनीच्या दातेरी चकतीला, म्हणजे स्पॉकेटला, पुढं १४ दात अन् मागं ४२ आहेत, म्हणजे गुणोत्तर ३. मागं ४५ चं स्पॉकेट टाकलं की ते ३.२१ होतं, म्हणजे चाकावर साधारण सात टक्के जास्त ओढ आणि तेवढाच वेग कमी. पुढचा एक दात कमी करून १३ केला तरी जवळपास तेच मिळतं आणि स्वस्तात, पण लहान स्पॉकेटवर चेन जास्त वाकते, लवकर खाते. मी मागचं वाढवतो. आधी आपल्या गाडीचे दात स्वतः मोजा; जुन्या गाडीला कोणी काय लावलं असेल सांगता येत नाही.

मागं तीन दात वाढले की त्याच चेनीत चाक साधारण एक सेंटिमीटर पुढं सरकतं. अ‍ॅडजस्टरला तेवढी जागा नसेल तर लांब चेन घ्या. ४२८ ची चेन म्हणजे अर्ध्या इंचाचा दुवा, दुकानात जास्त दुव्यांची मिळते. लॉकची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला. चेनीचा झोल २५ ते ३० मिमी ठेवा. चाक फिरवून जिथं चेन सगळ्यात ताठ वाटते तिथं मोजा.

चेनीवरचा पूर्ण डबा काढून टाकायची फॅशन आहे. काढू नका. तो डबा आहे म्हणूनच चिखलात चेन टिकते. मोठं स्पॉकेट आतून घासत असेल तर डबा थोडा ठोकून जागा करा. स्पीडोमीटरची वायर पुढच्या चाकातून येते, त्यामुळं स्पॉकेट बदलल्यानं वेग चुकीचा दाखवत नाही.

इंजिनखालची पाटी

धुऱ्यावरचा दगड थेट इंजिनच्या बुडाला बसतो. ३ मिमीचा पत्रा घ्या, पुढून वर वळवा, आणि इंजिनखालून जाणाऱ्या फ्रेमच्या दोन नळ्यांना यू-बोल्टनं बांधा. वेल्डिंग नाही. नळी अन् पत्र्याच्या मधात रबर ठेवा, नाहीतर सगळी गाडी खडखडते. ऑईल काढायच्या बोल्टासमोर मोठं भोक पाडा. पाटी पुढून इतकी वर नेऊ नका की सिलेंडरची हवा अडेल. आणि मागच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडा, चिखल-पाणी निघून जायला.

फुटरेस्टचं रबर ओलं झालं की गमबूट सरकतो. दातेरी लोखंडी फुटरेस्ट चांगली. गिअरची टाच-पंजावाली पट्टी मात्र ठेवा, गमबुटात तीच बरी पडते.

एअर फिल्टरचा डबा काढून उघडा शंकू लावण्याचं कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. एप्रिल-मे मधली आमच्याकडची धूळ पिठासारखी बारीक असते. ती एकदा सिलेंडरमध्ये गेली की रिंगा संपल्या.

ओझं कुठं ठेवायचं

सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की नुसतं पाणीच सोळा किलो, वर पंपाचं वजन. गाडी सगळी मिळून एकशे दहा किलोच्या आसपास. हे ओझं मागच्या एक्सलच्या मागं लटकवलं तर पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर हँडल भरकटतं. म्हणून कॅरिअर लांब करायचं नाही, बाजूला करायचं. पाऊण इंची पाईपची दोन चौकटी-खुर्च्या करा, एक डावीकडं एक उजवीकडं, त्यांचा मध्य एक्सलच्या किंचित पुढं येईल अशा. उजवीकडची सायलेन्सरपासून लांब ठेवा. प्लॅस्टिकची कॅन वितळते.

वेल्डिंग गाडीवर करायचं नाही. पुठ्ठ्याचा साचा कापून गाडीवर मापून घ्या, मग चौकट वेगळी वेल्ड करा. गाडीवर वेल्डिंग केलं तर करंट वायरिंगमधून फिरून सीडीआय (प्लगची ठिणगी सांभाळणारा डबा) जाळू शकतो. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीजवळ तर ठिणगी नकोच. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी धोक्याची, आत वाफ भरलेली असते.

चौकट अशी बांधा: वर मागच्या पकडीच्या बोल्टांना आणि शॉकअपच्या वरच्या बोल्टांजवळ, खाली फ्रेमवरच्याच बोल्टांना. ८ मिमीचे बोल्ट, नायलॉन नट. मागच्या शॉकअपला खाचांची रिंग असेल तर ओझ्याच्या दिवसांत दोन खाचा वर घ्या. मागं बसणाऱ्याचे पाय कुठं जातील ते आधी बसवून पाहा. आमच्याकडं चौकटीचं माप भाच्याच्या नाही, बायकोच्या पायावरून ठरलं.

आणि एक डबा वेगळा, कुलपाचा, फक्त औषधाच्या बाटल्यांसाठी. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते इथं सगळ्यांना माहीत आहे. भाकरीचं गाठोडं अन् कीटकनाशक एका पिशवीत लटकवायचं नाही. औषधाचा डबा डावीकडं खाली, जेवण हँडलला.

लाईट

जुन्या स्प्लेंडरचा हेडलाईट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. म्हणून गाडी हळू झाली की उजेड कमी होतो. त्यात सरळ एलईडी बल्ब टाकला तर तो लुकलुकतो. पूर्ण डीसी, म्हणजे बॅटरीवर, करायचं तर कॉइलचं अर्थिंग सोडवून वेगळा रेक्टिफायर लावावा लागतो; वायरिंगवाल्याकडून करून घ्या, जमत असेल तरच.

मी साधा मार्ग धरतो. हेडलाईटला नवीन रिफ्लेक्टर अन् ३५/३५ वॅटचा चांगला बल्ब. शिवाय दहा वॅटचा एक छोटा एलईडी बॅटरीवरून, वेगळं बटण अन् पाच अँपिअरचा फ्यूज देऊन, लेगगार्डला खाली. रात्री पाणी द्यायला जाताना मोटारीच्या पेटीपाशी उजेड लागतो तेवढ्यापुरता. जुन्या किकच्या गाडीची बॅटरी अडीच अँपिअर-तासाची. इंजिन बंद ठेवून हा दिवा तासभर चालवा, त्याहून जास्त नाही. रस्त्यावर तो बंदच ठेवा, समोरच्याच्या डोळ्यात जातो. वायर फ्रेमच्या मूळ जुडग्याबरोबर बांधा, इंजिनला लागू देऊ नका, आणि जोडाला टेपऐवजी श्रिंक नळी लावा. आमच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होऊन सुटतो.

रंग

आरसीत काळा लिहिलाय तर काळाच. टाकीच्या आत गंज असेल तर निंबूसत्वाचं पाणी भरून रात्रभर ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, आणि वाळल्याबरोबर आत थोडं ऑईल फिरवा. नाहीतर तासाभरात परत तांबूस होते. मे महिन्याच्या उन्हात टाकी वाळायला वेळ लागत नाही, हा विदर्भाचा एक फायदा.

रंग मारताना तेच ऊन वैरी. पत्रा तापलेला असला की थिनर पडायच्या आधी उडतो आणि रंग रवाळ बसतो. दुपारी वावटळ सगळं कचरा आणून चिकटवते. म्हणून पहाटे. आदल्या संध्याकाळी शेडात पाणी शिंपडून धूळ बसवा, पहाटे पाच-सहाला रंग मारा, आठच्या आत बंद. पत्रा ४०० च्या पाणी-कागदानं घासा, खड्डे लांबीनं भरा, प्रायमर, परत ६०० नं घासा, मग रंगाचे पातळ तीन हात. टाकीवर शेवटी हार्डनरवाला क्लिअर मारा. साध्या लॅकरवर पेट्रोल सांडलं की झाकणाभोवती रंग सोलतो. हा हार्डनर छातीला फार वाईट, रुमाल बांधून भागत नाही. कार्बनच्या डब्यांचा मास्क घ्या किंवा टाकी तालुक्याच्या पेंटरला द्या. मी टाकी पेंटरला देतो, बाकीचं घरी.

जोडल्यावर

नवीन ऑईल १०डब्ल्यू-३०, ९०० मिलीच्या बाटलीतून, ऑईल मापायची पट्टी काढून खुणेपर्यंत. क्लच अन् एक्सिलेटरच्या वायरी हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून तपासा. वळवताना इंजिनचा आवाज वाढला तर वायर ओढली जाते आहे.

पहिल्यांदा पांदणीत नाही, डांबरी रस्त्यानं पुढच्या गावापर्यंत जाऊन या. परत आल्यावर सगळे बोल्ट परत आवळा, विशेषतः मडगार्डच्या पट्ट्या, एक्सल अन् कॅरिअर. हबला हात लावा, एखादं जास्त तापलं असेल तर ब्रेक घासतोय. आठवड्यानं चेन परत जुळवा, नवी चेन सुरुवातीला थोडी ताणते. मग पंप भरून, ओझ्यासकट एक फेरी.

पावसाळ्यात वावरातून आलात की चिखल ओला असतानाच काढा. बकेटचं पाणी अन् जुना झाडू पुरे. सर्व्हिसिंगच्या दाबाच्या फवाऱ्यानं चाकाच्या बेअरिंगा अन् कोन सेटवर पाणी मारू देऊ नका. आतलं ग्रीस निघतं, पाणी शिरतं. धुतल्यावर निघायच्या आधी दोन्ही ब्रेक हलके दाबून शंभर पावलं चालवा, ड्रममधलं पाणी सुकतं. इंजिनखालची पाटी पंधरा दिवसांतून एकदा काढून मागचा चिखल साफ करा, तो वाळला की छिन्नीशिवाय निघत नाही.